गजूभाऊ आणि त्याचा पाव्हणा

गजूभाऊची आणि माझी ओळख झाली ती त्याच्या ओरडण्यावरून. मी गावात पोस्टाची बाई म्हणून नवी नवी आले होते. त्याच्या नावाचं एक रजिस्टर पाकीट घेऊन त्याचा पानमळा शोधत गेले आणि काट्याच्या कुपाटीतून दोन पावलं आत टाकते न टाकते तोच अगदी डोक्यावरून आवाज आला, "ओ बाई! देवळात चपला घालून जाता का तुमी?"

वर पाहिलं तर शेवरीच्या झाडाला शिडी लावून एक उंच, काटक माणूस नागवेलीच्या पानांत उभा होता. मी म्हटलं, "देऊळ कुठाय इथं?"

"हे काय मंग? अक्कल गहान ठेवून आल्या का?"

असा राग आला म्हणता! पाकीट तिथंच टाकून निघून यावं असं वाटलं. पण सही घ्यायची होती. निमूट मागे फिरले, चपला कुपाटीबाहेर काढल्या, तिथं माठ ठेवला होता त्यातल्या पाण्यानं पाय धुतले आणि आत गेले. तेव्हा स्वारी खाली उतरली आणि जसं काही झालंच नाही अशी हसून म्हणाली, "बसा आता. पाणी पेता का?"

पानमळ्यात कोणीच चप्पल घालून जात नाही, सकाळी आंघोळ केल्याशिवाय वेलाला हात लावत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गाव संग्रामपूर तालुक्यातलं, वरवट बकालच्या पुढचं. समोर सातपुडा दिसतो. गावाचं नाव मात्र मी सांगणार नाही. उभा जन्म लोकांची पत्रं पोचवली, एकही फोडलं नाही, आता रिटायर झाल्यावर नावं फोडत बसू का?

गजूभाऊ तेव्हा पस्तिशीचा असेल. सारखं वर वेलांकडे बघून बघून त्याची मान जरा वरच असायची, त्यामुळे नवख्याला वाटावं, काय ताठा आहे या माणसाला! ताठा बिलकुल नव्हता. पान खुडायला तो उजव्या अंगठ्यात लोखंडी नख घालायचा आणि ते काढायला हमखास विसरायचा. पोस्टात येऊन त्या नखासकट सही करायचा, माझ्या वहीची पानं फाटायची. मी ओरडले की म्हणायचा, "बाई, कागदच कच्चा हाये सरकारचा."

त्याला 'बे' म्हणायला कोणी वर्ज्य नव्हतं. वेलाला बे, बकरीला बे, एकदा शेतीखात्याचा साहेब आला तर त्यालाही, "हे बे, तिकडं पाय नोको देऊ." साहेब लाल झाला. गजूभाऊला कळेचना काय चुकलं ते. वेलांशी तर त्याचं दिवसभर चालू असायचं. "काऊन रुसली? काल पाणी देल्लं ना तुले?" असं तो इतक्या काकुळतीनं विचारायचा की ऐकणाऱ्याला हसू यावं. घाई त्याला ठाऊकच नव्हती. मी पाकीट घेऊन उन्हात उभी आणि हा वरून सांगतोय, "थांबा ना बाई. टपाल काई पयून जाते का?" आणि गंमत म्हणजे पिढीजात पानाचा धंदा करणारा हा माणूस स्वतः पान खात नव्हता. लग्नाच्या पंगतीतही विडा हातात घ्यायचा आणि शेजारच्याला द्यायचा.

लग्न त्यानं केलं नाही. नातेवाइकांनी एकदा ओढून नेलं होतं शेगावकडे मुलगी पाहायला. चहापोहे झाले, मुलीला आणि याला बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं. हा तिला म्हणाला, "बाई, तू चांगली हायेस. मी तुले सुखात नाई ठेवनार. माह्यापाशी ते नाईच. तू नाई म्हन, म्हंजे तुह्यावर बोल नाई येत." मुलीनं खाली येऊन सांगितलं, मुलगा काळा आहे, मला नको. पुढं तिचं दुसरीकडे जमलं, तेव्हा मांडवात पानांची अख्खी करंडी घेऊन हाच हजर. ही गोष्ट मला त्याच्या आईनं सांगितली, कपाळावर हात मारून. "आता सांगा बाई, असं कोनी करते का?" पण सांगताना हसतही होती.

अशा या घरात पाव्हणा आला.

पानमळ्यात कडेला पानपिंपरीही लावतात, तिला औषधवाल्यांची मागणी असते. तसल्या एका कंपनीकडून नमुने घ्यायला म्हणून तो आला, दोन दिवस राहतो म्हणाला आणि राहिलाच. गोरा, सडपातळ, मिशी बारीक कातरलेली, बोलणं नर्मदेपलीकडचं हिंदी. नाव प्रताप सांगितलं, पण गजूभाऊ त्याला पाव्हणा म्हणायचा म्हणून सारं गाव पाव्हणाच म्हणू लागलं. पाव्हणा सगळ्यांना 'आप' म्हणायचा. एक घरभर बे, एक घरभर आप. त्या बकरीचं काय होत असेल देव जाणे.

त्याचं काहीतरी वेगळं आहे हे मला पहिल्या आठवड्यातच जाणवलं होतं. कुपाटीपाशी चप्पल काढली की तो क्षणभर तसाच थांबायचा. ती कोणीतरी उचलून नीट ठेवील अशी शरीराची सवयच होती त्याच्या. मग भानावर येऊन स्वतः वाकायचा आणि कानापर्यंत लाल व्हायचा. भाजी कशी घेतात ते ठाऊक नाही. वरवट बकालच्या बाजारात एकदा त्यानं वांगेवालीला नमस्कार करून विचारलं, "ही आम्हाला मिळतील का?" ती बिचारी एवढी गोंधळली की तिनं दोन वांगी जास्तच घातली. जेवायला बसला की आईनं घास उचलेपर्यंत ताटाला हात लावायचा नाही. म्हातारीला पहिल्यांदा वाटलं, याला माझं जेवण आवडत नाही!

पण कामाला चिकट निघाला. वर्षभरात शिडीवर चढायला शिकला, खुडलेली पानं करंडीत रचून लावायला शिकला, वऱ्हाडी शिकला, तीही अशी की ऐकून पोट दुखावं. "बाईसाहेब, आपण कुठं जाऊन राह्यल्या?" असं विचारायचा. गाव म्हणायचं गजूचा पार्टनर. चक्कीवर बायका थोडं कुजबुजायच्या. मी म्हणायचे, पार्टनर तर पार्टनर, आपल्याला काय?

मग एका दुपारी मी पाव्हण्याच्या बहिणीचं पत्र घेऊन मळ्यात गेले. वर्षातून दोनदा तिचं पत्र यायचं, तेवढंच त्याचं टपाल. फोन त्यानं ठेवलाच नव्हता. रीतीप्रमाणे चपला बाहेर काढल्या, पाय धुतले, आत गेले. अनवाणी पायाचा ओल्या मातीत कसला आवाज येणार? दोन ओळींपलीकडे ते दोघं बसले होते. पाव्हण्यानं विडा लावला होता, त्याचं टोक स्वतःच्या दातात धरलं होतं, आणि जन्मात पान न खाणारा गजूभाऊ पुढं वाकून दुसरं टोक तोडत होता. आमच्याकडे लग्नात नवरानवरीला विडा तोडायला लावतात, अगदी तसं. दोघं हसत होते. गजूभाऊला इतकं खुशीत मी आधीही पाहिलं नव्हतं आणि नंतरही क्वचितच.

मी आल्या पावली मागे फिरले. कुपाटीबाहेर जाऊन चपला घातल्या, खोटं खोकले आणि मोठ्यानं ओरडले, "टपाल!"

दुसऱ्या दिवशी गजूभाऊ पोस्टात आला. पाच पानं टेबलावर ठेवली. दारातच उभा राहिला. "बाई, काल तुमचं पाऊल पाह्यलं मातीत. आतवर आलतं."

मी शिक्के मारत राहिले.

"तुमाले काई म्हनाचं हाये का?"

"माझं काम टपाल पोचवायचं," मी म्हटलं. "पोचवलं की नाही?"

"पोचवलं."

"मग झालं तर. आणि ते नख काढ, टेबल खरवडतंय."

तो हसला. त्या दिवसापासून तो माझ्याशी मोकळं बोलायला लागला. त्यातच एकदा सहज, पाण्याच्या पाळीची गोष्ट सांगावी तसं सांगून गेला, "पाव्हण्याचा बाप राजा हाये." मी आ वासला. "म्हंजे आता राज्य नाई, पन वाडा हाये, देऊय हाये, गादी हाये. लग्न करा म्हनून मागं लागले तं हा निंघून आला. मले तिसऱ्या वर्सी सांगतलं त्यानं. मी म्हटलं, असंल." असंल! एवढ्यावर त्यानं तो विषय मिटवला होता. मला मात्र चपलेपाशी थांबणारा तो पाव्हणा आठवला आणि सगळा उलगडा झाला.

पाव्हण्याच्या नावाचं रजिस्टर पाकीट आलं तेव्हा उन्हाळा तोंडावर होता. पाकिटावर बहिणीचं अक्षर नव्हतं. लांबलचक, वळणदार हिंदीत 'महाराजकुमार श्रीमंत' पासून सुरू झालेलं नाव दोन ओळी पुरून उरलं होतं, आणि खाली पत्ता होता गजूभाऊच्या घराचा. पाकिटाचा एक कोपरा कातरलेला होता. जुनी माणसं मयताच्या बातमीचा कोपरा असा कातरतात. मी काय समजायचं ते समजले.

पाकीट पिशवीत टाकतच होते, तोच गजूभाऊ आला. त्याला कातरलेला कोपरा दिसला, नाव दिसलं, आणि तो भिंतीला टेकला. बाप आजारी असल्याचं बहिणीनं मागंच कळवलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "तिकडं तेराव्याले पोराच्या डोक्यावर पगडी बांधतात. पगडी बांधली का मंग तो मानूस गादी सोडून राहत नाई. अन् वर्साच्या आत लग्न." त्यानं पाकिटावरचा शिक्का पाहिला. "चार दिवस झाले निंघून. घरी कोनी नाई सापडलं तं तुमी सात दिवस ठेवता ना पत्र? अन् वरतून एकदोन दिवस इकडंतिकडं झाले तं..."

"गजूभाऊ!"

"तेरावा निंघून जाईन बाई. फक्त तेरावा."

खोटं कशाला सांगू, माझं मन डळमळलं. पत्ता अपुरा म्हणून एक शेरा मारला असता तर कुत्र्यालाही कळलं नसतं. समोरचा माणूस कधी कोणाचं काही मागत नाही, आणि आज पहिल्यांदा मागत होता. मी म्हटलं, "आज पोस्ट बंद झालं. उद्या बघू." दुपारचे तीनच वाजले होते. तो गेला, आणि मी पाकीट कपाटात ठेवून स्वतःलाच शिव्या घातल्या.

सकाळी पोस्ट उघडायला आले तर तो पायरीवर बसलेला. डोळे सुजलेले. मला पाहून उठला.

"द्या बाई. चाला, संगंच जाऊ. त्याचा बाप मेला, अन् मी त्याले रडूही नाई देऊन राह्यलो. असा कसा मी?"

मळ्यात पाव्हणा वेल बांधत होता. मी पाकीट दिलं, सही घेतली. त्यानं कोपरा पाहिला आणि ओळीत मातीवरच बसला. गजूभाऊ त्याच्याजवळ बसला, पाठीवरून हात फिरवत राहिला. "मी काल अडवलं होतं पत्र," तो म्हणाला. "एक दिवस. माहं चुकलं." पाव्हण्यानं त्याचा हात धरला आणि त्याच हातावर कपाळ टेकून रडला. मी तिथं कशाला थांबू? निघून आले.

दुपारच्या बसनं पाव्हणा गेला. थांब्यावर मीही होते, माझ्या टपालाची थैली यायची होती म्हणून. गजूभाऊ त्याला थांब म्हणाला नाही, परत ये म्हणाला नाही. त्याची बॅग खिडकीतून आत दिली आणि म्हणाला, "पाणी पेत जाजो. तुह्या ध्यानात राहत नाई." बस गेली तरी किती तरी वेळ तो रस्त्याकडे बघत उभा होता.

नेमकी वेल उतरवायची वेळ आली होती. वर्षातून एकदा वर गेलेला वेल सोडवून खाली घेतात आणि बुडखा मातीत पुरतात, म्हणजे वेल पुन्हा नव्यानं चढतो. एकानं शिडीवरून सोडायचा, दुसऱ्यानं खाली अलगद झेलायचा. एकट्याचं ते काम नाही. पाव्हणा नाही म्हणून म्हातारी आई खाली उभी राहिली. तिला तो भार झेपेना, वेल मोडायचे, आणि वेलांशी दिवसभर बोलणारा गजूभाऊ गप्प गप्प ते मोडके वेल बाजूला ठेवायचा. चहाच्या टपरीवर एकानं विचारलंच, "गजू, पार्टनर पयाला का बे?" म्हातारी दळण घेऊन चालली होती. थांबून म्हणाली, "त्याचा बाप मेला रे. तुहा मेला तवा तू काय टपरीवर बसला होता का?" पुन्हा कोणी विचारलं नाही.

तेरावा गेला. मी कॅलेंडरवर खूणच केली होती. चौदावा गेला, पंधरावा गेला. मला वाटलं, संपलं. मी ते पत्र कपाटातच ठेवायला हवं होतं असंही मनात येऊन गेलं, देव मला क्षमा करो.

सोळाव्या दिवशी मी मळ्याच्या कडेनं संग्रामपूरची बस धरायला चालले होते. तीच बस समोरून आली आणि तिच्यातून पाव्हणा उतरला. डोकं भादरलेलं, मिशी गेलेली, हातात तीच बॅग. मी ओळखलंच नाही आधी. मला नमस्कार करून तो कुपाटीकडे गेला. माझी बस माझ्यासमोरून गेली. जाऊ दे म्हटलं.

गजूभाऊ शिडीवर होता, आई खाली. त्यानं पाव्हण्याला पाहिलं. उतरला नाही. दोन्ही हातांत सोडवलेला वेल होता, तो सोडता येत नव्हता. आवाज मात्र फाटला त्याचा. "पाय धू अन् ये बे. म्हातारीले पेलून नाई राह्यलं. वेल धर."

पाव्हणा पाय धुऊन आत गेला आणि आईच्या हातातून त्यानं वेल घेतला. म्हातारी बाजूला झाली, त्याच्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "जेवला का?"

तिकडं काय झालं ते त्यानं नंतर पोस्टात बसून सांगितलं. भटजी पगडी घेऊन पुढं आले तेव्हा यानं ती त्यांच्या हातातून घेतली आणि शेजारी बसलेल्या बहिणीच्या डोक्यावर ठेवली. "मोठी हीच आहे," एवढंच म्हणाला. काका-मामांनी आकाशपाताळ एक केलं. बहीण पगडी सावरत म्हणाली, "आता मीच गादीवर आहे ना? मग माझा हुकूम, याला जाऊ द्या." हे सांगताना पाव्हणा असा हसत होता की मलाही हसू आवरेना.

महिन्याभरानं ती बहीणच मोटार घेऊन आली, कुपाटीपाशी अनवाणी झाली आणि आईच्या हातची भाकरी खाऊन गेली. ड्रायव्हरनं टपरीवर सारं सांगितल्यामुळे गावाला कळलं की आपला पाव्हणा कोण आहे. सरपंच शाल-नारळ घेऊन सत्काराचं विचारायला आले. गजूभाऊ शिडीवरून म्हणाला, "सत्कार नोका करू. त्याले आज खत टाकाचं हाये." सरपंच नारळ आईला देऊन गेले. चक्कीवरची कुजबुज थोडी राहिली असेल, नाही असं नाही. पण पाव्हण्याला रस्त्यात अडवून कोणी वेडंवाकडं बोललेलं मी ऐकलं नाही.

माझ्या नोकरीचे शेवटचे महिने उरले होते. खात्यानं आधार कार्डाचं मशीन दिलं होतं. एक दिवस पाव्हणा सरपंचाचा रहिवासी दाखला घेऊन एकटाच आला. जुन्या कार्डावर त्याच्या वडिलांचं नाव आणि राजवाड्याचा पत्ता होता. तो बदलायचा म्हणाला. "मार्फत म्हणून कोणाचं नाव घालू?" मी विचारलं. त्यानं सांगितलं. मी टाईप केलं, त्याला दाखवलं, त्यानं नीट वाचलं. "गजूला सांगू नका," म्हणाला.

नवं कार्ड आलं ते माझ्या शेवटच्या आठवड्यात. पोस्टमनकडे न देता मीच घेऊन गेले. मळ्यात आई पानं लावत बसली होती, पाव्हणा पाणी देत होता. पाकीट गजूभाऊनं फोडलं. बोट ठेवून ठेवून वाचायला लागला आणि मध्येच थांबला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी मोठ्यानं. पाव्हण्याचं नाव, मग मार्फत, मग स्वतःचं नाव, बापाचं नाव, पानमळा, गाव, तालुका, जिल्हा बुलढाणा.

"आई, ऐकलं का? सरकारनं लिहून देल्लं!"

"मले काय सांगतं?" म्हातारी मान वर न करता म्हणाली. "मले का माईत नाई तो कोठं राहते?"

गजूभाऊच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पुसायचंही त्याला सुचलं नाही. पाव्हणा गडबडून गेला. पाण्याचा पाईप तसाच टाकून आला आणि म्हणाला, "अरे, रडतो काऊन? पत्ताच तर आहे."

"पत्ताच म्हंते बे हा!" गजूभाऊ माझ्याकडे वळला. "बाई, तुमी जलमभर पत्ते वाचले. तुमीच सांगा ह्याले."

सही घ्यायची वही मी गजूभाऊपुढं धरली, त्यानं सही केली, आणि मी पोस्टात परत आले.